एका वर्गात अनेक पायऱ्यांची मुले : पुस्तकांचे कपाट सांभाळणाऱ्याने नेमके काय करावे?

खानापूरच्या_बाई

नमस्कार. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी चौथी आणि पाचवी असे दोन वर्ग एकत्र शिकवते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळे आमच्याकडील बहुतेक लहान शाळांत जोडवर्ग ही नित्याची गोष्ट आहे. माझ्या वर्गात तेवीस मुले आहेत. पाच जण वर्तमानपत्रातील बातमी न अडखळता वाचतात, नऊ जण पाठ्यपुस्तक थांबत थांबत वाचतात, सहा जणांना सुटे शब्द वाचता येतात आणि तिघे अजून जोडाक्षरांपाशी अडलेले आहेत. घरची भाषा पाहिली तर बहुतेकांच्या घरी मराठी असली तरी दोघांकडे कोकणी, एका मुलीकडे उर्दू आणि एकाकडे कन्नड बोलली जाते. वाड्यावरून चालत येणाऱ्या धनगरांच्या मुलांची मराठी तर पुस्तकातल्या मराठीपेक्षा फारच निराळी आहे.

प्रशिक्षणात आम्हाला विभेदित अध्यापनाविषयी सांगण्यात आले. प्रत्येक मुलाच्या तयारीप्रमाणे शिकवावे, हे मला मनापासून पटते. परंतु एकाच तासाची चार टाचणे, म्हणजे पाठाचे चार आराखडे, काढणे मला शक्य होत नाही, आणि तसे प्रामाणिकपणे सांगितल्यावर उत्तर मिळत नाही. यंदा जूनमध्ये अक्षर दासोहाच्या, म्हणजे शाळेतील दुपारच्या जेवणाच्या, हिशेबाबरोबर ग्रंथालयाचा प्रभारही माझ्याकडे आला. कपाटात चारशेच्या आसपास पुस्तके आहेत आणि त्यांतील निम्मी कधी उघडलेली दिसत नाहीत. या कपाटाचा माझ्या अडचणीशी काही संबंध जोडता येईल का, असा विचार गेले महिनाभर मनात आहे. येथील अनुभवी मंडळींनी मार्ग दाखवावा.

जुना_ग्रंथपाल

बाई, तुम्ही विचारलेला संबंध खरा आहे आणि तो जुना आहे. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील दोन अशी आहेत : प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. प्रशिक्षणात तुम्हाला जे सांगितले गेले, त्याचा अर्धा भाग या दोन वाक्यांत आलेला आहे.

आता चार टाचणांविषयी. अमेरिकेतील कॅरोल अॅन टॉमलिन्सन यांनी या पद्धतीची जी मांडणी केली, तिच्यात शिक्षकाने बदलण्याजोग्या चार गोष्टी येतात : मूल काय वाचते किंवा ऐकते तो आशय, ते समजून घेण्याची प्रक्रिया, समजले हे दाखवण्यासाठी ते जे घडवते ती निर्मिती, आणि वर्गातील वातावरण. यांपैकी कोणतीही एक गोष्ट, तीही काही मुलांपुरती आणि काही दिवसांपुरती बदलली तरी ते विभेदित अध्यापनच असते. चारही गोष्टी रोज बदला, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. विषय एकच ठेवावा, त्यातून सर्वांना जे समजायला हवे तेही एकच ठेवावे, आणि तेथपर्यंत जाण्याच्या वाटा दोन-तीन कराव्यात. यांतील आशयाची बाजू हे ग्रंथपालाचे हक्काचे काम आहे. पुढच्या पंधरवड्यात कोणता विषय येणार हे त्याला आधी कळले, तर त्याच विषयावरचे एक चित्रमय पुस्तक, एक सोपी गोष्ट, मासिकातला एक लेख आणि एखादा नकाशा असे साहित्य काढून तो वर्गात पोचवू शकतो. शिक्षकाचे टाचण एकच राहते, टेबलावरची पुस्तके मात्र चार प्रकारची होतात.

मी बेळगावातील एका माध्यमिक शाळेत २८ वर्षे ग्रंथपाल होतो. त्याआधी ज्या शाळेत उमेदवारी केली, तेथे हरवलेल्या पुस्तकाची किंमत माझ्या पगारातून कापली जाईल असे पहिल्याच दिवशी सांगण्यात आले होते. त्या भीतीने मी दोन वर्षे कपाटाला कुलूप घालून बसलो आणि तपासणीच्या दिवशी एकही पुस्तक गहाळ नाही म्हणून शाबासकीही मिळवली. त्या दोन वर्षांत त्या शाळेतून शिकून गेलेल्या मुलांची आठवण आजही मला त्रास देते. तेव्हा पहिली गोष्ट ही करा : मुख्याध्यापक आणि एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती) यांच्याकडून असा ठराव लिहून घ्या की मुलांच्या वापरात फाटलेल्या किंवा हरवलेल्या पुस्तकांची जबाबदारी शिक्षकावर राहणार नाही. हा कागद हातात आल्याशिवाय कपाट मोकळ्या मनाने उघडले जात नाही.

दुसरी गोष्ट देवघेव वहीची. आपल्या वहीत तारीख, पुस्तकाचा दाखल क्रमांक, मुलाचे नाव आणि सही एवढेच रकाने असतात. मी नंतरच्या शाळेत शेवटी एक रुंद रकाना आखला आणि पुस्तक परत करताना मुलाशी दोन मिनिटे बोलून त्यात एक ओळ लिहू लागलो. 'तीन पाने मोठ्याने वाचली, ज्ञ पाशी थांबला.' 'गोष्ट सोडून फक्त बैलांची चित्रे पाहिली, बैलांविषयी आणखी मागतो.' 'परत आणलेच नाही, बहिणीला वाचून दाखवते आहे.' महिन्याभरात ही वही विषयशिक्षक मागून नेऊ लागले, कारण मुलाची तयारी आणि आवड या दोन्ही गोष्टी परीक्षेच्या गुणांपेक्षा तेथे अधिक स्वच्छ दिसत होत्या.

बीएडची_विद्यार्थिनी

सरांनी मुलाची तयारी आणि आवड यांचा उल्लेख केला. आम्हाला अभ्यासात असे शिकवतात की काही मुले दृश्य पद्धतीने, काही श्राव्य पद्धतीने आणि काही कृतीतून शिकतात. म्हणून आधी चाचणी घेऊन गट पाडावेत. ग्रंथालयानेही त्याप्रमाणे चित्रपुस्तके एका गटाला आणि ध्वनिफिती दुसऱ्या गटाला द्याव्यात का?

जुना_ग्रंथपाल

ताई, तसे गट पाडू नका, ही कळकळीची विनंती आहे. मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरील संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला, तेव्हा मुलाच्या मानलेल्या शैलीप्रमाणे शिकवल्याने शिकणे सुधारते याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. चित्र, आवाज आणि हाताने करण्याची कृती यांचा उपयोग सर्वच मुलांना होतो. एखाद्याला 'तू श्राव्य गटातला' म्हणून वाचनापासून दूर ठेवले, तर ज्याला वाचनाची सर्वांत अधिक गरज आहे तोच मागे पडतो.

चिक्कोडीचे_कन्नड_शिक्षक

मी कन्नड विषय शिकवतो, माझी स्वतःची मातृभाषा मराठी आहे. बाईंना एक आठवण करून द्यावीशी वाटते की आपल्या राज्यात हा प्रयोग पूर्वीच झालेला आहे. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात नलि-कलि, म्हणजे 'आनंदाने शिका' ही पद्धत, सुरू झाली, तिला आंध्रातील ऋषिव्हॅली शाळेच्या कामाची प्रेरणा होती, आणि २००९-१० पासून ती राज्यभरातील सरकारी शाळांच्या पहिली-दुसरीत आणि पुढे तिसरीतही आणली गेली. त्यात मुले इयत्तेप्रमाणे बसत नाहीत. शिकण्याच्या टप्प्यांची एक शिडी आखलेली असते, तिच्या ज्या पायरीवर मूल आहे त्या पायरीचे कार्ड ते स्वतः उचलते, आणि शिक्षकाच्या पूर्ण मदतीने शिकणाऱ्यांपासून स्वतःचे स्वतः शिकणाऱ्यांपर्यंत पाच गट एकाच खोलीत काम करतात. तिसरीनंतर ही शिडी संपते आणि मूल एकदम सर्वांसाठी एकाच पाठाच्या वर्गात येऊन बसते. माझ्या मते तुमची खरी अडचण या सांध्यावरची आहे. चौथी-पाचवीसाठी कार्डे नाहीत, परंतु पुस्तके आहेत, आणि नीट लावलेले कपाट शिडीचे काम करू शकते.

कन्नडविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सीमाभागातील मराठी शाळेत भाषेचा प्रश्न बाजूला ठेवून तयारीचा विचार करताच येत नाही. २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्यानुसार २०१७-१८ पासून टप्प्याटप्प्याने पहिलीपासूनच कन्नड अनिवार्य झाले, म्हणजे आमचे मूल दोन लिप्या जवळजवळ एकाच वेळी शिकते. बाहेरून हा बोजा वाटतो आणि काही प्रमाणात तो आहेही. परंतु दोन्ही भाषांची वर्णमाला एकाच क्रमाची आहे, ळ दोन्हीकडे आहे, आणि अक्का, अण्णा, तूप असे शब्द तर मूल घरूनच घेऊन येते. अडचण वेगळ्या ठिकाणी येते. कन्नडमध्ये ए आणि ओ यांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन स्वतंत्र रूपे आहेत. 'दे' या अर्थाचा शब्द आणि 'शिंग' या अर्थाचा शब्द देवनागरीत आपण 'कोडु' असा एकसारखाच लिहू, कन्नडमध्ये मात्र पहिल्यात ओ ऱ्हस्व आणि दुसऱ्यात दीर्घ असतो. मराठी घरातील मुलाच्या कानाला हा फरक ऐकू येत नाही, म्हणून लिहिताना ते चुकते आणि आपण त्याला आळशी ठरवतो. उलट कन्नड घरातील मूल मराठीतील चमचा आणि चहा यांच्या 'च' मध्ये गोंधळते.

अशा मुलांसाठी एकच गोष्ट दोन्ही भाषांत असलेली पुस्तके मला फार उपयोगी पडली. मूल आधी आपल्या भाषेत गोष्ट वाचते, तिचा अर्थ पक्का होतो, आणि मग दुसऱ्या भाषेतील प्रतीत त्याचे सारे लक्ष केवळ अक्षरांवर राहते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर एकच गोष्ट मराठी, कन्नड, कोकणी आणि उर्दू अशा अनेक भाषांत मिळू शकते, पुस्तके चार पातळ्यांत विभागलेली आहेत आणि परवाना मुक्त असल्यामुळे छापून वाटायला कोणाची परवानगी लागत नाही. बाईंच्या वर्गातील कोकणी आणि उर्दू बोलणाऱ्या मुलांसाठी मी येथूनच सुरुवात केली असती.

उचगावचा_पालक

मी शिक्षक नाही, आमच्या शाळेच्या एसडीएमसीवर आहे. पातळ्यांविषयी जे लिहिले जात आहे त्याबद्दल एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. माझा मुलगा पूर्वी ज्या शाळेत होता तेथे पुस्तकांच्या पाठीवर लाल, पिवळ्या आणि हिरव्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या आणि कोणी कोणत्या रंगाचे पुस्तक घ्यायचे हे ठरलेले होते. एके दिवशी जेवताना धाकट्या बहिणीने त्याला 'तू लाल आहेस ना' असे विचारले, आणि तो ताटावरून उठून गेला. त्यानंतर त्याने त्या शाळेत स्वतःहून एकही पुस्तक घेतले नाही. विशेष म्हणजे त्याला ट्रॅक्टरविषयी सर्व काही माहीत होते, आणि हिरव्या पट्टीच्या एका पुस्तकात ट्रॅक्टरच्या इंजिनाचे चित्र होते, ते त्याला पाहू दिले गेले नाही. हेतू चांगला असेल, परंतु मुलाला चारचौघांत त्याची पायरी दाखवून देणे मला क्रूर वाटते.

जुना_ग्रंथपाल

तुमचे म्हणणे अगदी योग्य आहे. अमेरिकेतील शालेय ग्रंथपालांच्या संघटनेने २०११ मध्ये याच कारणासाठी पुस्तकांवर वाचनपातळीचे शिक्के मारण्यास विरोध करणारे निवेदन काढले : मुलाची पातळी ही खासगी बाब आहे आणि पुस्तक निवडताना त्याच्यावर बंधन असू नये. पातळी शिक्षकाला आणि ग्रंथपालाला माहीत असावी, तिची नोंद त्यांच्या वहीत असावी, पुस्तकाच्या पाठीवर नसावी. कपाट विषयाप्रमाणे लावा. प्राणी, पाणी, यंत्रे, सणवार, लांबच्या देशांतल्या गोष्टी. प्रत्येक खणात सोपी आणि अवघड पुस्तके शेजारी शेजारी ठेवा. ट्रॅक्टरच्या खणाकडे गेलेले मूल ट्रॅक्टरसाठी गेले आहे, एवढेच इतरांना दिसते. तेथे जाऊन हळूच 'हे बघ, यात नांगरणीचे चित्र आहे' असे म्हणून योग्य पुस्तक त्याच्या हाती देणे, हेच आमच्या कामाचे कसब आहे. आणि त्याने तरीही जाडजूड पुस्तक उचलले, तर नेऊ द्यावे. आवडीचा विषय असला की मूल स्वतःच्या पातळीच्या वरचेही पुष्कळ वाचून काढते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

फिरती_विशेष_शिक्षिका

मी तालुक्यातील शाळांत फिरून विशेष गरजा असलेल्या मुलांसोबत काम करते. दोनच मुद्दे लिहिते.

जोडाक्षरांपाशी अडलेल्या तिघांपैकी प्रत्येकाचे कारण वेगळे असू शकते. कोणाचे वर्ग बुडाले असतील, कोणाला फळा नीट दिसत नसेल, आणि कोणाला खरोखर वाचनाची अध्ययन अक्षमता असेल, जिचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात केलेला आहे. पुस्तक डोळ्यांपासून किती अंतरावर धरले आहे, ओळ सुटते का, ऐकलेली गोष्ट नीट सांगता येते का, या गोष्टी ग्रंथालयाच्या तासाला सर्वांत आधी दिसतात. ऐकलेली गोष्ट उत्तम सांगणारे मूल वाचताना अडखळत असेल, तर त्याची समज शाबूत आहे आणि अडचण अक्षरांत आहे. अशा मुलाला सोप्या आशयाचे बाळबोध पुस्तक देऊन चालत नाही. त्याला वयाला साजेसा आशय हवा, मोठ्या टंकातील मजकूर हवा, किंवा कोणीतरी वाचून दाखवायला हवे.

दुसरे असे की स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीमुळे दिव्यांग वाचकासाठी पुस्तक मोठ्या टंकात, ब्रेलमध्ये किंवा ध्वनिरूपात करून देता येते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातही अशी पुस्तके आहेत. कमी दिसणाऱ्या एका मुलीसाठी आम्ही एक गोष्ट १८ पॉइंटच्या टंकात छापून घेतली, तेव्हा तिने पहिली ओळ वाचून कागद खाली ठेवला आणि 'ही माझ्यासाठी केली?' असे विचारले. चौथीत असलेल्या त्या मुलीला तोपर्यंत आळशी समजले जात होते.

निपाणीकर

पुस्तके कोठून आणावीत याविषयी थोडक्यात. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांचे ग्रंथालय अनुदान आहे. ते आले की पुस्तके शिक्षकांनी स्वतः निवडावीत, आलेले गठ्ठे तसेच स्वीकारू नयेत. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, त्यांतील लेख सुटे छापून वापरता येतात. गावातील ग्रामपंचायतीचे वाचनालय, म्हणजे आताचे अरिवु केंद्र, यालाही विसरू नका. २०२० मध्ये सुरू झालेल्या 'ओदुव बेळकु' (वाचनाचा प्रकाश) या उपक्रमात तेथे मुलांना मोफत सभासदत्व आहे. आमच्याकडे तेथे मराठी पुस्तके अत्यल्प आहेत, परंतु ग्रामसभेत तशी मागणी लेखी करता येते, आणि आपण ती केली पाहिजे.

खानापूरच्या_बाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दीड महिन्यानंतर लिहीत आहे. ठराव झाला, एसडीएमसीच्या अध्यक्षांनी आनंदाने सही केली. कपाट सरांनी सांगितल्याप्रमाणे विषयवार लावले आणि पंधरवड्यासाठी 'आपली नदी' हा एकच विषय घेतला, कारण मलप्रभा आमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते.

पहिला आठवडा बिघडला. चांगले वाचणाऱ्या पाच जणांना मी लांबलचक लेख दिला आणि उरलेल्यांना चित्रपुस्तके दिली. परिणाम असा झाला की त्या पाचांनाही चित्रपुस्तकेच हवीशी वाटू लागली आणि आपल्याला शिक्षा झाली आहे अशी त्यांची समजूत झाली. अधिक वाचणाऱ्याला केवळ अधिक काम देणे म्हणजे वेगळे शिकवणे नव्हे, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून समजले. दुसऱ्या आठवड्यात सर्व साहित्य बसकरांवर मांडले आणि सर्वांना एकच काम दिले : जुन्या दिनदर्शिकांच्या कोऱ्या बाजू चिकटवून केलेल्या लांब पट्टीवर कणकुंबीपासून कूडलसंगमापर्यंत नदी काढायची आणि प्रत्येकाने आपल्याला सापडलेली एक तरी गोष्ट तिच्या काठावर मांडायची. नकाशावाल्यांनी सौंदत्तीजवळचे नविलुतीर्थ धरण शोधले. उर्दू बोलणाऱ्या मुलीने आजीला विचारून पुराची हकीकत आणली.

वाड्यावरचा एक मुलगा जोडाक्षरांपाशी अडलेल्या तिघांपैकी आहे. त्याने पट्टीच्या सुरुवातीला बोट ठेवले आणि नदीला येऊन मिळणाऱ्या ओढ्यांची नावे, कोणता कधी आटतो, कोठे म्हशी उतरतात आणि कोठे उतरू देत नाहीत, हे सलग सांगितले. पाचवीतील मुलीने ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी तो लवकर आला आणि ते आठ वाक्यांचे लिखाण बोट फिरवत वाचू लागला. 'म्हशी' पाशी क्षणभर थांबला, मग स्वतःच बोललेला शब्द ओळखून पुढे गेला. ही आठ वाक्ये मी पुठ्ठ्यात शिवून, दाखल क्रमांक देऊन कपाटात ठेवली आहेत. त्याच्या पुस्तकाला आतापर्यंत सहा वाचक मिळाले, वहीत सह्या आहेत. फिरत्या बाईंच्या सूचनेवरून उरलेल्या दोघांपैकी एकाचे डोळे तपासले, त्याला चष्मा लागला.

निपाणीकर

बाई, वाचून फार बरे वाटले. एक प्रश्न येथेच विचारतो. आमच्या साखर पट्ट्यात दिवाळीनंतर ऊसतोडीच्या कुटुंबांबरोबर बाहेरून मुले येतात आणि हंगाम संपला की जातात. ती पटावर नसतात, म्हणून देवघेव वहीत त्यांची नावे घालू नयेत असे आमच्याकडे म्हणतात. काय करावे?

जुना_ग्रंथपाल

वहीच्या मागच्या बाजूने एक वेगळे पान सुरू करा आणि त्यावर 'पाहुणे वाचक' असे लिहा. नाव, मूळ गाव, टोळी कोणत्या फडावर आहे आणि कोणते पुस्तक दिले एवढे पुरे. हंगाम संपताना त्यांच्या आवडीचे एक पुस्तक परत घेऊच नका, 'सोबत दिले' अशी नोंद करून पुढच्या ठरावात ते वजा करा. पुढच्या वर्षी तेच कुटुंब आले तर मूल ते पुस्तक घेऊन येते का, हेही लिहून ठेवा. माझ्या वहीत अशा तीन नोंदी आहेत.